कॅरॅमल कस्टर्डला जाळी पडते, पाणी सुटतं, कॅरॅमल भांड्यालाच चिकटून राहतं: नेमकं चुकतं कुठे?

आमच्या घरी कॅरॅमल कस्टर्ड कुकरमध्ये व्हायचं. आई ॲल्युमिनियमच्या डब्यात थेट गॅसवर साखर जाळायची, वर अंडी-दूध ओतायची, डब्याला घट्ट झाकण लावायची, आणि मग भातासारख्या तीन शिट्ट्या. गार झाल्यावर डबा ताटात उपडा केला की डब्याच्याच आकाराचं कस्टर्ड बसायचं, कडेने सगळी भोकं भोकं. चुकलंय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. उलट बाबा म्हणायचे, "आज जाळी मस्त पडलीय." ढोकळ्याला लावायचं माप आम्ही कस्टर्डला लावत होतो.

पुढे नवऱ्याच्या कामामुळे दोन वर्षं फ्रान्समधल्या तुलूझला राहायला गेलो. तिथे सुपरमार्केटच्या फ्रिजात दह्याच्या शेजारी चार-चार कपांची पाकिटं असायची, क्रेम कारामेल, म्हणजे आपलं कॅरॅमल कस्टर्डच. अगदी स्वस्तातला माल, शाळेच्या डब्यात घालतात तसला. घरी आणलं, बशीत उपडं केलं आणि चमचा लावला तर एक भोक नाही. कापलेल्या जागी काचेसारखं गुळगुळीत. कारखान्यातलं ते, चवीला यथातथाच होतं, पण बघून एवढं कळलं की आमच्या घरी तीस वर्षं जे चाललं होतं ते हे नव्हे.

मग मी करायला घेतलं. पहिल्यांदा जाळी. दुसऱ्यांदा जाळी आणि शिवाय पाणी. तिसऱ्यांदा कस्टर्ड छान झालं, पण कॅरॅमल वाटीच्या तळाशी काचेच्या चकतीसारखं अडकलं आणि वर आली नुसती फिकट पांढरी टोपी. आता पुष्कळ वर्षं करतेय. मावसबहिणी, भाच्या, सोसायटीतल्या मैत्रिणी फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, "हे बघ, परत तेच." प्रत्येकीला वेगवेगळं उत्तर टाइप करून कंटाळले, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

आधी भोकं नीट बघा

भोकं दोन जातीची असतात आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. फोटो आला की मी आधी हेच विचारते, भोकं कुठे आहेत?

वाटीत असताना जो भाग वर दिसतो तिथे मोठे, गोल, साबणाच्या फेसासारखे खळगे असतील तर ती हवा आहे. तुम्ही अंडी फार फेटलीत. इलेक्ट्रिक बीटर किंवा मिक्सर वापरला की हे होणारच. कस्टर्डसाठी अंडी फुलवायची नसतात, नुसती मोडायची असतात. काट्याने किंवा साध्या व्हिस्कने, भांड्याच्या तळाला टेकवून, सावकाश. दूध घातल्यावर मिश्रण बारीक गाळणीतून गाळा, 15-20 मिनिटं तसंच ठेवा आणि वर आलेला फेस चमच्याने काढून टाका. दोन-चार बुडबुडे उरले तर वरून टिशू पेपर अलगद टेकवून उचला, फेस कागदाला चिकटून येतो. संपला हा प्रश्न.

पण भोकं कडेला आणि तळाशी असतील, बारीक, दाट, स्पंजासारखी, आणि उपडं केल्यावर बाहेरून दिसत असतील तर तो दोष फेटण्याचा नव्हे. कस्टर्ड जास्त तापलं. दहातल्या नऊ फोटोंत हेच असतं. सुटलेलं पाणी आणि अंड्याचा उग्र वास याच चुकीची पोरं आहेत. तिन्हींवर वेगवेगळे उपाय शोधत बसू नका. कुणी म्हणतं कॉर्नफ्लोअर घाल, कुणी म्हणतं व्हॅनिला दुप्पट कर, कुणी म्हणतं अंडी कमी कर. आच कमी केलीत तर यातलं काहीच करावं लागत नाही.

आत काय घडतं

खरवस ज्यांनी केला आहे त्यांना हे लगेच समजेल. चिकात मुळात इतकी प्रथिनं असतात की काही न घालता, नुसत्या वाफेवर तो घट्ट होतो. पहिल्या दिवसाचा चीक तर इतका दाट की त्यात दूध मिसळावं लागतं, नाहीतर वडी रबरासारखी होते. कस्टर्डमध्ये तेच काम अंडं करतं. गरम झालं की अंड्यातली प्रथिनं उलगडतात, एकमेकांत गुंततात, आणि त्या जाळ्यात दूध अडकून बसतं. म्हणजे कस्टर्ड हे जवळजवळ सगळं दूधच, अंड्याने धरून ठेवलेलं.

नुसतं अंडं 70 अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होतं. दूध आणि साखर घातली की प्रथिनं विरळ होतात, एकमेकांना भेटायला त्यांना जास्त उष्णता लागते, म्हणून कस्टर्ड साधारण 80 ते 83 अंशांना धरतं. आणि 85 च्या वर गेलं की प्रथिनं आणखी आणखी आवळत जातात, ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर काढतात. त्या पाण्याच्या आणि वाफेच्या जागी पोकळ्या राहतात, तीच आपली जाळी. पिळून निघालेलं पाणी बशीत जमतं. पांढरा बलक जास्त तापला की त्यातून गंधकाचा वास सुटतो, जास्त उकडलेल्या अंड्याला येतो तोच.

थोडक्यात सगळा खेळ पाचेक अंशांचा आहे. खरवसातही हेच होतं, पण खरवसाची जाळी आपण आवडीने खातो. क्रेम कारामेल करणारे फ्रेंच लोक या बाबतीत ऐकत नाहीत.

कुकर

सर्वांत जास्त फोटो कुकरवाल्यांचे येतात, म्हणून आधी तो. शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये आत 120 अंशांच्या जवळपास तापमान असतं. आपल्याला हवेत 82. तीन शिट्ट्यांनंतर जाळी पडली नसती तरच नवल.

याचा अर्थ कुकर वाईट असा नाही. फ्रान्समध्येही घराघरांत कुकर आहे. सेब कंपनीने तो 1953 मध्ये बाजारात आणला आणि त्याचं नाव 'कोकोत-मिन्युत' इतकं रुळलं की आज तिथे कुठल्याही कुकरला तेच म्हणतात. त्यात कस्टर्ड करणाऱ्या आज्याही आहेत. पण आपल्याला खात्रीचं हवं असेल तर कुकर नुसतं खोल पातेलं म्हणून वापरा. शिट्टी काढा आणि झाकणाची रिंगही काढा. तळाला जाळी किंवा जुन्या पंचाचा तुकडा ठेवा, दोन-अडीच बोटं पाणी घाला, ते तापवा आणि मग वाट्या आत ठेवा. प्रत्येक वाटीवर फॉइल घट्ट बसवा, नाहीतर झाकणावरचे थेंब कस्टर्डवर पडतात आणि वर खड्डे होतात. फॉइल नसेल तर झाकणाला आतून पंचा बांधा, मोदकाच्या वेळी काही घरांत बांधतात तसा.

आता आच. शिट्टी नसली तरी पाणी खळखळ उकळत असेल तर वाफ 100 अंशांची असते, आणि जाळी त्यातही पडते. पहिल्या दोन मिनिटांनंतर गॅस अगदी बारीक करा आणि झाकण किंचित तिरकं ठेवा. कडेला लाकडी चमचा अडकवला की पुरे. पाण्यात तळाला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसावेत, वर उसळी नको. डाळ शिजताना येतो तसा आवाज यायला लागला की गॅस जास्त आहे. लहान स्टीलच्या वाट्यांना 20-25 मिनिटं लागतात. पंधराव्या मिनिटापासून उघडून बघायला लागा. भात नाही तो, मध्ये झाकण काढलं म्हणून काही बिघडत नाही.

इडलीपात्रात करणाऱ्यांनाही हेच सगळं लागू.

ओव्हन आणि पाण्याचं तबक

ओव्हनमध्ये करत असाल तर वाट्या पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये ठेवायच्या. याला फ्रेंचमध्ये बँ-मारी म्हणतात, मारीचं स्नान. प्राचीन अलेक्झांड्रियात मेरी नावाची एक किमया करणारी बाई होती, तिच्यावरून हे नाव पडलं असं परंपरेने सांगतात. नाव काही असो, काम एकच. ओव्हनची हवा 150 अंश असली तरी पाणी 100 च्या वर जाऊ शकत नाही, आणि उघड्या ट्रेमधलं पाणी सतत वाफ होऊन उडत असल्यामुळे त्याच्याही बरंच खाली राहतं. म्हणजे वाटीला कडेने लागणारी आच आपोआप बेताची होते.

यात लोक कुठे चुकतात ते सांगते. एक तर ट्रेवर फॉइल गच्च लावतात. मग पाणी उडत नाही, तापत जातं आणि उकळायला लागतं. बँ-मारी करूनही जाळी पडली अशी तक्रार असेल तर बहुधा ट्रे झाकलेला होता. वर साय धरू नये म्हणून झाकायचं असेल तर वाटी-वाटीवर फॉइलचा तुकडा सैलसर ठेवा, ट्रे मोकळा राहू द्या. दुसरं, वाट्या थेट ट्रेच्या पत्र्यावर बसवतात. खालून रॉडची आच लागते आणि तळच भाजतो. तिथेही पंचा घाला, ओल्या पाण्यात तो जळत नाही. फक्त त्याचे कोपरे पाण्याबाहेर लोंबू देऊ नका. तिसरं, ट्रेमध्ये नळाचं गार पाणी ओततात. त्याने जाळी पडत नाही पण कस्टर्ड व्हायला तासभर जास्त लागतो आणि वाट बघून माणूस तापमान वाढवतो. पाणी कढत असू द्या, वाटीच्या निम्म्यापर्यंत किंवा थोडं वर.

आपल्याकडचे ओटीजी लहान असतात, रॉड अगदी डोक्यावर. त्यावरच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. माझ्या ओटीजीवर 150 लावलं की आत ठेवलेला थर्मामीटर 175 दाखवतो. ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा, 150 ला लावा. पंखा असलेला ओव्हन असेल तर आणखी 15-20 अंश कमी. लहान वाट्यांना 35-40 मिनिटं, एकाच मोठ्या भांड्यात केलं तर तासभर.

झालं हे कसं ओळखायचं

इथे मी स्वतः सगळ्यात जास्त वेळा फसले आहे. केकची सवय असते ना. सुरी घालायची, कोरडी बाहेर आली की झालं. कस्टर्डच्या मध्यभागी घातलेली सुरी कोरडी आली तर ते झालेलं नाही, होऊन गेलेलं आहे. बाहेर काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने पाच-सात मिनिटं शिजत राहतं.

वाटी चिमट्यात धरून हलकेच हलवा. कडा स्थिर आणि मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा भाग थरथरला पाहिजे, सकाळी विरजणाचं भांडं उचलताना दही थरथरतं तसा. लाटा उठत असतील, म्हणजे ओलं दूध हलल्यासारखं दिसत असेल, तर अजून पाच मिनिटं. सगळंच्या सगळं घट्ट असेल तर गॅस बंद करा, वाट्या ताबडतोब पाण्यातून काढा आणि पुढच्या वेळी लवकर बघा. सुरी घालायचीच असेल तर मध्य आणि कड यांच्या बरोबर मध्ये घाला.

ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी मध्यभागी 80-82 बघून बाहेर काढावं. चारेकशे रुपयांत मिळतो, आणि मला वाटतं कस्टर्डच्या साच्यांपेक्षा त्यावर पैसे घालणं बरं.

थरथरणारं कस्टर्ड बाहेर काढायला धीर लागतो, मान्य आहे. फ्रिजमध्ये ते आवळतं. गरम असताना अगदी हवं तसं घट्ट वाटलं ते दुसऱ्या दिवशी रबर होतं.

प्रमाण: फ्रेंच अंडं आणि आपलं अंडं

आच बरोबर असूनही कस्टर्ड उभं राहत नाही, ताटात पसरतं, अशी तक्रार असेल तेव्हाच प्रमाणाकडे बघा. इथे एक गंमत आहे. युरोपात अंडी वजनाने विकतात. मध्यम म्हणजे कवचासकट 53 ते 63 ग्रॅम, मोठं म्हणजे 63 ते 73. आपल्या वाण्याकडचं अंडं माझ्या काट्यावर 50-55 च्या पुढे क्वचित जातं. फ्रेंच कृतीत चार अंडी लिहिली असतील आणि तुम्ही इथली चार घातलीत तर जवळजवळ एक अंडं कमी पडतं. मग कृतीला दोष देतात.

मी अर्धा लिटर दुधाला आपली तीन पूर्ण अंडी आणि वर दोन पिवळे बलक घेते. साखर 80 ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. एवढ्यात 120 मिलीच्या सहा वाट्या होतात. पांढऱ्या बलकामुळे कस्टर्ड उभं राहतं, पिवळ्यामुळे ते मऊ आणि दाट लागतं. पिवळे वाढवले की चव श्रीमंत होते पण उपडं करताना कंबर मोडते. क्रेम ब्रुलेमध्ये नुसते पिवळे बलक आणि साय चालतात कारण ते वाटीतूनच खायचं असतं, उलटायचं नसतं. क्रेम कारामेलचं दुसरं फ्रेंच नावच 'क्रेम रांव्हेर्से' आहे, उलटलेली क्रेम. ते उभं राहायलाच हवं.

दूध पिशवीतलं फुल क्रीम असेल तर त्यात 6 टक्के स्निग्धांश असतो, फ्रान्समधल्या साध्या सायीसकट दुधात साडेतीनच्या आसपास. म्हणजे आपलं गाईचं दूध तिथल्या चवीच्या जास्त जवळ आहे. म्हशीच्या दुधाचंही छान होतं, फक्त जरा जड. पण दुधात पाणी घालून ते वाढवणं असलं काही करू नका. दुधातले क्षार अंड्याला धरायला मदत करतात. दूध पातळ केलंत तर तेच कमी पडतात.

दूध अंड्यात घालताना कढत हवं पण उकळतं नको. साखर दुधात विरघळवा, व्हॅनिला घाला, दहा मिनिटं झाकून ठेवा, बोट बुडवून क्षणभर सहन होईल इतकं निवलं की बारीक धारेने अंड्यात. गार दूध घातलं तरी कस्टर्ड होतं, नुसता वेळ जास्त लागतो. मात्र उकळतं दूध एकदम ओतलंत तर अंड्याची भुर्जी होते आणि ती गाळणीत बघून फार वाईट वाटतं.

जाता जाता कस्टर्ड पावडरीबद्दल. ती अंड्याची पावडर आहे असा अनेकांचा समज असतो. तिच्यात अंडं नाहीच. आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज औषधविक्याने 1837 मध्ये बर्मिंगहॅमला ती बनवली ती बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. मक्याचं पीठ, रंग आणि वास. फ्रूट कस्टर्डला ती उत्तम, पण 'घट्ट व्हावं म्हणून' क्रेम कारामेलमध्ये चमचाभर घातलीत की खळीसारखी चव येते.

आता कॅरॅमल

इथल्या तक्रारी वेगळ्या आहेत, आचेच्या वरच्या भाषणाशी त्यांचा संबंध नाही.

साखर परत दाणेदार झाली: पाकात एक जरी कोरडा दाणा पडला की त्याच्याभोवती सगळी साखर पुन्हा गोठत जाते. दिवाळीत चिरोट्यांचा पाक बसतो तेच. कडेला उडालेली साखर कोरडी होऊन आत पडते, नाहीतर आपण चमच्याने ढवळत बसतो, यामुळे होतं. 100 ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे पाणी, लिंबाचे चार-पाच थेंब. साखर विरघळेपर्यंत हलवा, उकळी फुटली की हात बांधून उभे राहा. रंग एका बाजूला आधी आला तर पातेलं गोल फिरवा, चमचा घालू नका. लिंबामुळे थोडी साखर फुटते आणि दाणे धरत नाहीत. एवढं करूनही दाणेदार झालीच तर दोन चमचे पाणी घालून मंद गॅसवर पुन्हा विरघळवा, फेकून देऊ नका.

कडू झालं किंवा नुसतं गोड लागलं: रंग कोऱ्या चहाचा हवा. मधाच्या रंगाला थांबलात तर साखरेच्या पाकापलीकडे चव नाही. धूर यायला लागला तर गेलं. कॅरॅमल गॅसवरून उतरल्यावरही काळवंडत जातं, म्हणून मनातल्या रंगाच्या जरा आधी उतरवून पातेल्याचा तळ गार पाण्यात टेकवा. आणि लगेच वाट्यांत ओता. काचेच्या किंवा चिनीमातीच्या वाट्या आधी कोमट करून घ्या, माझी एक गार वाटी कॅरॅमल पडताक्षणी तडकली होती. मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. पाणी 100 ला उकळतं, हे 170 च्या पुढे असतं आणि अंगाला चिकटतं.

गूळ चालेल का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. कॅरॅमल म्हणून गूळ जळतो लवकर आणि फेसाळतो, आणि कस्टर्डमध्ये गेला तर दूध नासायची भीती. मी दोनदा करून बघितलं आहे, तिसऱ्यांदा करणार नाही.

कॅरॅमल तळाशी अडकलं

फोटोंमधली दुसऱ्या क्रमांकाची तक्रार. कस्टर्ड सुरेख, पण बशीत रस नाही, वाटीच्या तळाशी काचेचा थर. याचं उत्तर इतकं सोपं आहे की लोकांना पटत नाही. तुम्ही लवकर उपडं केलंत.

वाटीत ओतलेलं कॅरॅमल कडक गोळीसारखं गोठतं. साखरेला पाण्याची ओढ असते, ती कस्टर्डमधला ओलावा हळूहळू ओढून घेते आणि स्वतः पातळ होते. त्याला रात्र लागते. दुपारी केलं आणि रात्रीच्या जेवणाला वाढलं तर निम्मं कॅरॅमल वाटीतच राहणार. आदल्या दिवशी करा, निवल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी काढा. निदान आठ तास, बारा असतील तर उत्तम. पाहुण्यांच्या दृष्टीनेही हेच सोयीचं, त्या दिवशी पुरणाला मोकळे.

घाईच असेल तर कॅरॅमल तयार झाल्यावर गॅस बंद करून त्यात एक मोठा चमचा कढत पाणी घाला. फुसफुसून अंगावर उडतं, तेव्हा हाताला टॉवेल गुंडाळा आणि तोंड लांब ठेवा. मग ते पूर्ण कडक होत नाही आणि चार-पाच तासांत सुटतं. थरही पातळ हवा, दोन-तीन मिलिमीटर. जाड थर सगळा कधीच विरघळत नाही.

उपडं करताना कडेने पातळ सुरी एकदाच फिरवा, सुरी वाटीला चिकटवून, कस्टर्डला नको. वाटीचा तळ अर्धा मिनिट कढत पाण्यात धरा. बशी वर उपडी ठेवा, दोन्ही हातांनी घट्ट धरून उलटा आणि एक झटका. सुटलं की 'पच्' असा आवाज येतो, तो येईपर्यंत वाटी उचलायची घाई नको. नाहीच सुटलं तर एका बाजूने बोटाने कस्टर्ड हलकेच दाबा, आत हवा शिरली की येतं खाली.

आणि बशीत जमलेला तपकिरी रस म्हणजे सुटलेलं पाणी नव्हे, तोच तर हवाय! एका भाचीने तो टिशूने टिपून फोटो पाठवला होता. पाणी सुटलेलं असेल तर ते फिकट, ताकाच्या निवळीसारखं दिसतं आणि कस्टर्डच्या कापलेल्या बाजूने झिरपतं.

अंड्याचा वास, आणि अंडं न खाणारे

वासाचं मुख्य कारण वर आलंच. त्याशिवाय अंडी ताजी घ्या आणि गाळायचा कंटाळा करू नका, बलकाला धरून ठेवणारी पांढरी दोरी गाळणीत राहते. व्हॅनिला शेंगा इथे फार महाग, साधा इसेन्स चालतो, दूध गॅसवरून उतरल्यावर घाला. मी कधी कधी चिमूटभर जायफळ उगाळते. तुलूझच्या दुकानातल्या कपात ते नव्हतं, पण मुंबईच्या पारशी लग्नांतल्या लगन-नु-कस्टर्डमध्ये असतं आणि फार जमतं. मात्र ते कस्टर्ड पाण्याच्या ट्रेशिवाय, वरून चांगलं तांबूस होईपर्यंत भाजतात. दूधही आटवलेलं. त्याची तुलना याच्याशी करून 'त्यांचं कसं जाळी पडली तरी चांगलं लागतं' असं म्हणू नका, तो पदार्थच वेगळा. तसंच गोव्यातल्या घरांमधलं कॅरॅमल पुडिंग पोर्तुगीजांकडून आलेलं, त्यातलं घट्टपण मुद्दाम असतं.

बिनअंड्याचं विचाराल तर खरं सांगते, क्रेम कारामेल ते होणार नाही. कंडेन्स्ड मिल्क, दूध आणि टांगलेलं दही एकत्र करून वाफवलं तर सुंदर पदार्थ होतो, पण तो बंगाल्यांचा भापा दोई. चायनाग्रास घातलं तर जेली होते. दोन्हींखाली कॅरॅमल घालून उपडं करता येतं आणि संकष्टीला पाहुणे आले तर मी पहिलं करते. नाव मात्र त्याचंच सांगते.

बिघडलेल्याचं काय करायचं

जाळी पडलेलं कस्टर्ड मागे आणता येत नाही, प्रथिनं आवळली ती आवळली. पण चव गेलेली नसते. सुटलेलं पाणी ओतून टाका, कॅरॅमलसकट सगळं मिक्सरमध्ये घाला, पाव कप गार दूध आणि असेल तर दोन चमचे साय घालून एक मिनिट फिरवा. दाट, गुळगुळीत सॉस होतो. केळ्यावर, आंब्याच्या फोडींवर, शिळ्या केकवर घाला. मी तो कुल्फीच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवते. घरात त्याला कॅरॅमल कुल्फी म्हणतात, आणि मुलाला कस्टर्ड नीट जमलेलं कळलं की तो जरा नाराजच होतो.